कोरियातील पहिली नोकरी : एक दुरुस्ती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातील नोकरीविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढे दोन वर्षांचा डी.एड. अभ्यासक्रम पुरा करून छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवला, आणि निवृत्त होईपर्यंत जिल्ह्याची वेस फारशी ओलांडली नाही. तेव्हा परदेशाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? जो काही आहे तो आमच्या धाकट्या कन्येमुळे. ती २०२३ सालच्या फेब्रुवारीत कोरियास गेली आणि तेथील मुलांस इंग्रजी शिकवू लागली. ही तिची पहिलीच कायम म्हणावी अशी नोकरी. त्याआधी तीन वर्षे ती येथे तासिका तत्त्वावर शिकवीत होती, पण त्यास नोकरी म्हणणे आम्हांस जड जाते.

तिची हकीकत सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपल्या २०२३ सालच्या स्मरणिकेत अभिनंदनाच्या पानावर तिचे छायाचित्र छापले आहे व खाली "कोरियातील विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापिका" असा मजकूर आहे. तो मजकूर चुकीचा आहे. चूक मुद्रकाची नाही, संपादकांची नाही. तो कागद आमच्याच हस्ताक्षरात गेला होता. पुढील वर्षीच्या अंकात तोच मजकूर पुन्हा आला, तेव्हाही आम्ही गप्प राहिलो. आमची कन्या विद्यापीठात नाही आणि प्राध्यापिकाही नाही. ती एका खेड्यातील प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. हे असे का झाले आणि त्याचा दंड कोणाला भरावा लागला, ते पुढे ओघाने येईल.

प्रथम तेथे जाण्याची वाट कशी आहे ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांस तीच माहिती हवी आहे. कोरियात इंग्रजी शिकविण्यासाठी ई-२ नावाचा परवाना लागतो. तो वर्षानुवर्षे सात देशांच्या नागरिकांस मिळत आला आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यांत नाही. परंतु भारत व कोरिया यांच्यामध्ये २००९ साली एक व्यापक आर्थिक करार झाला. तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, आणि त्यातील एका कलमाने भारतीय शिक्षकांसाठी एक अरुंद दार उघडले. दार अरुंद आहे हे नीट ध्यानात घ्यावे. इंग्रजी विषयाची पदवी पाहिजे, शिक्षकाचे प्रमाणपत्र पाहिजे, आणि नोकरी मिळते ती शाळेत, साहाय्यक शिक्षक म्हणून. कोरियात गल्लोगल्ली ज्या खाजगी शिकवण्या आहेत, ज्यांना ते लोक हाग्वॉन म्हणतात, तेथे या दाराने जाता येत नाही. आमच्या कन्येपाशी एम.ए. आणि बी.एड. या दोन्ही पदव्या होत्या, म्हणून तिचे जमले.

कागदपत्रांचे सोपस्कार पुष्कळ झाले. पदवीची प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून व मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावयाची, पोलिसांचा दाखला आणावयाचा, त्यावरही तोच शिक्का घ्यावयाचा. आमचे चार महिने यातच गेले. पगार एकवीस लाख वॉन, हा आकडा आम्ही प्रथम ऐकला तेव्हा पाणी प्यावयास मागितले होते. त्या वेळी रुपयास सोळाच्या सुमारास वॉन मिळत, हे कळल्यावर जीव थाऱ्यावर आला. तरीही महिना एक लाख तीस हजारांच्या आसपास, शिवाय राहण्यास खोली शाळेकडून, आरोग्यविम्याचा अर्धा भार मालकाचा, आणि पुरे वर्ष काम केले की एका महिन्याचा पगार जादा. लोकांनी विचारले की आम्ही पगार सांगत असू. इतका पगार प्राथमिक शाळेत कसा, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. त्यावर एके दिवशी आमच्या तोंडून "विद्यापीठात" हा शब्द निसटला. एकदा निसटलेला शब्द मागे घेण्यास जे धैर्य लागते ते आम्हांपाशी नव्हते.

तिची नेमणूक झाली ती कोरियाच्या अगदी नैर्ऋत्य टोकास, हेनाम या तालुक्यात. आपण ज्यास तालुका म्हणू तसाच तो आहे. त्या देशाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक याच तालुक्यात येते आणि तेथील गावास 'भूमीचा शेवट' याच अर्थाचे नाव आहे. समुद्र, भातखाचरे, हिवाळी कोबी आणि रताळी. होय, रताळी. हेनामची रताळी साऱ्या कोरियात नावाजलेली आहेत. आमच्या कुटुंबाने हे ऐकताच, "मग एकादशीची काळजी मिटली," असा सुस्कारा सोडला.

एकादशीची मिटली, पण बाकीच्या दिवसांची मिटली नव्हती. आमचे घर शाकाहारी. तेथे भात आहे, भाजी आहे, पण सुक्या मासळीचा अर्क बहुतेक प्रत्येक रश्शात असतो, आणि किमची म्हणून जे कोबीचे लोणचे ताटात हटकून येते त्यातही खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस घातलेला असतो. शाळेत सर्व मुले व शिक्षक दुपारी एकत्र जेवतात. पोलादी ताटाचे खण, त्यांत भात, रस्सा, किमची आणि दोन-तीन तोंडीलावणी. ते जेवण म्हणजे शाळेचाच एक तास समजला जातो, त्यास डबा घेऊन बाजूस बसणे बरे दिसत नाही. पहिले तीन आठवडे ती कोरडा भात आणि भाजलेले समुद्रशैवाल खाऊन राहिली. पुढे तिने रस्सा घेण्यास आरंभ केला, मासा वेगळा काढून. हे तिने आईस सांगितले नाही, आम्हांस सांगितले. आज ते आम्ही भर सभेत सांगत आहोत, याचे कारण उद्या जी मुलगी जाईल तिच्या घरच्यांनी विमानतळावर शपथा घालून तिला अधिक एकटी पाडू नये. त्याच तालुक्यात देहुङ्सा नावाचा प्राचीन बौद्ध विहार आहे. तेथील स्वयंपाकात मांस-मासळीच नव्हे तर कांदा-लसूणही नसतो. सुट्टीच्या दिवशी ती तेथे जाऊन पोटभर जेवत असे.

ती पोहोचली तेव्हा बर्फ होता. खोली एवढीशी, पण जमिनीखालून ऊब देण्याची त्यांची ओन्दोल नावाची जुनी रीत आहे, त्यामुळे गादी जमिनीवर पसरून निजणेच उत्तम. दाराला किल्ली नाही, आकडे दाबून दार उघडावयाचे. पहिल्याच रात्री ती आकडे विसरली आणि अर्धा तास बाहेर कुडकुडत उभी राहिली. घरमालकीण आजी शेजारीच राहत होती, तिने आपल्या घरात घेऊन पायांवर पांघरूण घातले. या आजीस तेथे हाल्मॉनी म्हणतात. दुसरा धडा कचऱ्याचा. तेथे कचरा टाकावयाचा तो पालिकेने ठरवून दिलेल्या, विकत घेतलेल्या पिशवीतूनच. १९९५ पासून देशभर हा नियम आहे. उष्टे-खरकटे वेगळे, कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या. हिने साध्या पिशवीत कचरा बांधून ठेवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात परत आला. तेव्हा त्याच आजीने तिला हाताला धरून एकेक डबा दाखविला. एकमेकींची भाषा दोघींसही येत नव्हती. नव्वद दिवसांच्या आत परकीय नागरिकाचे ओळखपत्र काढावे लागते आणि ते हातात येईपर्यंत बँकेचे खाते, स्वतःच्या नावाचा दूरध्वनी, सर्व काही अडून राहते. म्हणून जाताना दीड-दोन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता शाळेविषयी. आम्ही शिक्षक असल्यामुळे येथे थोडे अधिक बोललो तर सभेने क्षमा करावी.

कोरियात प्राथमिक शाळेत इंग्रजी हा विषय १९९७ पासून तिसऱ्या इयत्तेपासून आहे. आपल्या महाराष्ट्रात २००० साली तो पहिलीपासून आला, त्याआधी पाचवीपासून होता. तो पाचवीचा वर्ग आम्ही कित्येक वर्षे घेतला आणि इंग्रजीचे जे हाल आम्ही केले त्याबद्दल आमचे विद्यार्थी अद्याप आमची थट्टा करतात. तेथे तास चाळीस मिनिटांचा, तिसरी-चौथीस आठवड्यातून दोन, पाचवी-सहावीस तीन. वर्गात दोन शिक्षिका असतात, एक कोरियन व एक परदेशी. मुख्य कोरियन. शाळेत शिरताना सर्वांनी बाहेरची पायताणे काढून आतल्या सपाता घालावयाच्या. जेवणानंतर मुले रांगेने दात घासतात आणि वर्ग स्वतः झाडतात. शिक्षकास सॉन्सेङनिम म्हणतात. यातील 'निम' म्हणजे आपला 'जी'. थोडक्यात, गुरुजी. हा शब्द तिने प्रथम ऐकला तेव्हा तिला आमची आठवण झाली असे तिने लिहिले होते.

पहिल्या दिवशी सोबतच्या कोरियन बाईंनी तिला विचारले, "कॉपी?" ती दचकली. आपल्याकडे परीक्षेच्या काळात हा शब्द उच्चारला तर भरारी पथक येते. त्यांना विचारावयाचे होते कॉफीविषयी. त्यांच्या भाषेत 'फ'चा दंतोष्ठ्य उच्चार नाही, म्हणून कॉफीची कॉपी होते. र आणि ल यांना अक्षर एकच, त्यामुळे मुले ताटातील भाताकडे बोट दाखवून इंग्रजीत "मला उवा आवडतात" अशा अर्थाचे वाक्य मोठ्या प्रेमाने म्हणतात. शब्दाच्या शेवटी व्यंजन आले की त्यास एक स्वर चिकटवतात, बसचे बॉसू होते.

येथे एक गंमत अशी की कोरियन भाषेची घडण आपल्या मराठीसारखी आहे. क्रियापद शेवटी येते. नामाला प्रत्यय मागून लागतो. वडिलांशी बोलावयाचे क्रियापद वेगळे आणि बरोबरीच्याशी वेगळे. भोजनगृहातील बाईस हाक मारताना 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी! इंग्रजीतील ए आणि द ही जी उपपदे आहेत ती त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. त्यामुळे कोरियन मूल इंग्रजीत "मी शाळेत जातो" हे सांगताना शब्दांचा जो क्रम लावते, तोच आमच्या पाचवीच्या वर्गातील मूल लावीत असे. आधी शाळा, मग जाणे. आमच्या कन्येला ती चूक कोठून येते हे ताबडतोब कळले, कारण लहानपणी तिनेही तीच केली होती. तिने फळ्यावर तीन रंगांच्या पट्ट्या लावल्या, कोणी, क्रिया, कोठे. मुलांनी शब्दांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन त्या पट्ट्यांखाली स्वतः उभे राहावयाचे. क्रियेची चिठ्ठी ज्याच्या हाती तो नेहमी रांगेच्या शेवटी धावे, मग सारे ओरडून त्याला मधे ओढत. ज्या शिक्षकाची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यास ही चूक चूक म्हणून दिसते, तिचे मूळ दिसत नाही, असे त्या कोरियन बाईंनी पुढे आम्हांस सांगितले. आम्ही हे वाक्य वहीत उतरवून घेतले.

पण हे सर्व पुढचे. पहिल्या महिन्यात तिच्या हातून एक मोठी चूक घडली. मुलांच्या नावांची यादी करून तिने ती वर्गात लावली, लाल शाईने. वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी रडू लागली. तेथे लाल शाईने नाव लिहिणे अत्यंत अशुभ मानतात, ते मृतांशी जोडलेले आहे. आम्हां मास्तरांची तर सारी हयात लाल शाईत गेली! तिने यादी उतरवली, सर्वांसमोर कंबरेत वाकून क्षमा मागितली, आणि त्या रात्री बसून प्रत्येकाचे नाव निळ्या शाईने त्यांच्या हान्गुल लिपीत लिहिले. ही लिपी राजा सेजोङ याने १४४३ साली तयार करविली व १४४६ साली प्रसिद्ध केली. चोवीस मूळ अक्षरे, चिकाटी असेल तर आठवड्यात वाचता येते. अक्षरे वेडीवाकडी आली होती, परंतु दुसऱ्या दिवशी मुलांनी तिला तिच्या अक्षरांबद्दल गुण दिले, दहापैकी चार.

यानंतर मे महिना आला. पालकांना वर्ग दाखविण्याचा दिवस होता. तास बरा झाला. शेवटी एका पालक बाईंनी सोबतच्या बाईंस कोरियन भाषेत काही विचारले. आमच्या कन्येला एवढे कळण्याइतकी भाषा तोपर्यंत आली होती. "खऱ्या परदेशी बाई केव्हा येणार?" असा तो प्रश्न होता. त्यांच्या मनात इंग्रजी म्हणजे गोरा वर्ण. वर्तमानपत्रे, जाहिराती, शिकवण्यांच्या पाट्या, सगळीकडे तेच चित्र. त्या बाईंना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपणही मुलाला इंग्रजी शाळेत घालताना काय पाहून भुलतो हे आपण जाणतो.

त्या रात्री तिचा दूरध्वनी आला. तेथे रात्रीचे अकरा, येथे साडेसात. ती म्हणाली, "बाबा, मी परत येऊ का?"

सभाजनहो, आम्ही काय उत्तर दिले ते सांगण्यास जीभ रेटत नाही, पण सांगतो. आम्ही म्हणालो, "अगं, स्मरणिकेत नाव छापून आले आहे. आता परत कशी येशील?" ती काही बोलली नाही. "बरं," एवढेच म्हणून तिने दूरध्वनी ठेवला. पुढे नऊ दिवस तिचा आवाज आम्ही ऐकला नाही. कुटुंब रोज विचारी, आणि आम्ही कामात असेल असे सांगत असू.

ती राहिली, ते आमच्या उत्तरामुळे नव्हे. हे आम्हांस सप्टेंबरात समजले. दीड दिवसांच्या गणपतीचे विसर्जन करून आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेलो. निवृत्तिवेतनाच्या शिलकीतून हा प्रवास केला. दिल्लीमार्गे इंचॉन, तेथून पाच-सहा तासांची बस. सोबतच्या कोरियन बाईंस ती आता ऑन्नी म्हणत होती, म्हणजे ताई. त्या दिवशी शाळा सुटल्यावर या ताईंनी तिला मोटारीत घालून समुद्रकाठी नेले आणि एक शब्द न बोलता तासभर बसविले. मग त्यांनी त्या पालक बाईंस बोलावून मुलाच्या वहीतील तीन महिन्यांची वाक्ये दाखविली. बाई दुसऱ्या आठवड्यात येऊन दोन्ही हातांनी रताळ्यांची पिशवी देऊ लागल्या. ती घेता आली नाही. तेथे २०१६ पासून असा कडक कायदा आहे की विद्यार्थ्याच्या घरून शिक्षकाने पेयाची बाटलीसुद्धा घ्यावयाची नाही. पिशवी परत गेली आणि त्या बाई खजील झाल्या. शेवटी त्यांनी ती रताळी घरमालकीण आजीस विकली आणि आजीने ती भाजून आमच्या कन्येस खाऊ घातली. कायदा मोडला की नाही हे आम्हांस सांगता येत नाही.

आणखी एक मूल होते. चौथीतील मुलगा, त्याची आई व्हिएतनामची. कोरियातील खेड्यांत मुलींची वानवा झाल्याने अनेक शेतकऱ्यांनी व्हिएतनाम, फिलिपाइन्स अशा देशांतील मुलींशी लग्ने केली आहेत. त्यांची मुले खेड्यांतील शाळांत पुष्कळ दिसतात. एरवी त्या देशात जन्मच घटत चालले आहेत, २०२३ साली एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल इतके. आमच्या कन्येच्या शाळेत साठांहून कमी मुले आहेत. हा मुलगा आपल्या आईस शाळेच्या फाटकापर्यंत येऊ देत नसे, वळणावरच थांबावयास सांगे. जूनमध्ये एके दिवशी त्याने आमच्या कन्येच्या हाताशेजारी आपला हात ठेवून रंग पाहिला व कोरियनमध्ये विचारले, "बाई, तुमच्या आईचासुद्धा असाच आहे?" ती हो म्हणाली. आम्ही तेथे असताना त्या मुलाची आई रोज फाटकापर्यंत येताना आम्ही पाहिली. एक दिवस तिने आमच्या कुटुंबाला नमस्कार केला, दोघी हसल्या, बोलल्या काहीच नाहीत.

त्या वर्षी तेथील शिक्षक फार दुःखात होते. जुलै २०२३ मध्ये सेऊलमधील एका तरुण शिक्षिकेने आपले जीवन संपविले. पालकांच्या तक्रारींचा जाच तिला होता असे तिचे सहकारी म्हणत. हजारो शिक्षक काळे कपडे घालून दर शनिवारी रस्त्यावर येऊ लागले, आणि ४ सप्टेंबर रोजी, तिच्या मृत्यूच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, अनेकांनी शाळेतून रजा घेतली. त्याच महिन्यात शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायद्यांत बदल झाले. ऑन्नी बाई सेऊलला जाऊन आल्या होत्या. मुलांस छडी मारण्यास तेथे २०११ पासून मनाई आहे आणि ती योग्यच आहे, आम्ही मारलेल्या छड्या आम्हांस आता आठवतात. परंतु शिक्षकास उठल्याबसल्या धाक घालणे हा काही छडीवरचा उपाय नव्हे.

२९ सप्टेंबरला चुसॉकचा सण होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पौर्णिमा, आपल्याकडे पितृपक्षाचा आरंभ. तेथेही त्या दिवशी पूर्वजांना नैवेद्य दाखवितात. आजीने तांदळाच्या पिठीच्या पारीत तिळाचे सारण भरून, देवदाराच्या जातीच्या पाल्यावर उकडलेले सोङप्यॉन आणून दिले. कुटुंबाने ते हातात घेऊन, "अहो, हे तर मोदकच, कळ्या पाडायच्या राहिल्या," असे म्हटले आणि दुसरी खेप स्वतः कळ्या पाडून करून दिली. आजीने शेजारपाजाऱ्यांस बोलावून ते दाखविले.

याच भेटीत आमची फजिती झाली. आम्ही मोठ्या अभिमानाने स्मरणिका बरोबर नेली होती. मुख्याध्यापकांच्या भेटीत ती उघडून पुढे केली. ऑन्नी बाईंनी आपला दूरध्वनी त्या पानावर धरला. हल्ली त्यात मजकुराचे भाषांतर क्षणात होते. त्यांनी वाचले, कपाळास आठी घातली, मुख्याध्यापकांकडे पाहिले आणि काही विचारले. आमच्या कन्येचा चेहरा उतरला. तिने कोरियन भाषेत काही सांगितले आणि तिघेही हसले, ते हसणे सौजन्याचे होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी चौथीला शिकवते याची तुम्हांला लाज वाटते का? तुम्ही स्वतः छत्तीस वर्षे चौथीलाच शिकवलंत."

आम्हांस उत्तर सुचले नाही. परत येऊन दुरुस्ती द्यावी असा निश्चय केला आणि दिली नाही. पुढच्या स्मरणिकेत तोच मजकूर आला.

त्याचे फळ असे. आपल्याच एका ज्ञातिबांधवांनी तो मजकूर वाचून आम्हांस विचारले की आमच्या मुलाचे तेथे जमेल काय. मुलगा बी.कॉम., शिक्षकाची पदवी नाही. आम्ही खरी हकीकत सांगितली असती तर एका वाक्यात काम झाले असते. पण खरी हकीकत सांगावयाची म्हणजे विद्यापीठ पुसावे लागले असते. आम्ही मोघम म्हणालो, "संधी पुष्कळ आहे, प्रयत्न करावा." त्यांनी एका मध्यस्थास दोन लाख ऐंशी हजार रुपये दिले, त्यांतील बहुतेक कर्जाऊ. मध्यस्थाने हाग्वॉनमधील नोकरी कबूल केली आणि हाती दिला तो पर्यटकाचा परवाना, तेथे गेल्यावर बदलून घ्या म्हणून. सुदैवाने निघण्यापूर्वी मुलाने आमच्या कन्येस विचारले. ती म्हणाली की अजिबात येऊ नकोस. पर्यटकाच्या परवान्यावर शिकविणे हा गुन्हा आहे, आणि भारतीयास खाजगी शिकवणीसाठी ई-२ मिळत नाही. मुलगा वाचला, पैसे गेले. त्या रकमेचा काही भार आम्ही उचलला आहे. ते गृहस्थ आज सभेत बसले आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेच आम्ही हे बोलत आहोत.

आमच्या कन्येने दुसऱ्या वर्षाचा करार केला, मग तिसऱ्याचा. सुट्टीत घरी येते तेव्हा मुलांनी मागितलेल्या वस्तूंची यादी आणते. गेल्या खेपेस यादीत टिकल्या, हत्तीचे चित्र आणि "बाईंच्या वडिलांची लाल शाईची दौत, फक्त पाहण्यासाठी" असे होते. दौत आम्ही पाठविली, शाई काढून, धुऊन.

संपादक मंडळास आमची विनंती आहे की या वर्षीच्या अंकात, त्याच अभिनंदनाच्या पानावर आणि तेवढ्याच ठळक टाइपात, पुढील मजकूर छापावा : "साहाय्यक शिक्षिका, प्राथमिक शाळा, हेनाम तालुका, दक्षिण जॉल्ला प्रांत, कोरिया." कागद आम्ही लिहून आणला आहे. या वेळी तो आमच्या कन्येने तपासून दिला आहे.